बेशरम : पाणवठ्याकाठचे सदाहरित विषारी झुडूप

वैशाखाच्या अखेरीस गावच्या तलावाकाठी उभे राहून पाहिले असता एक गोष्ट चटकन नजरेत भरते. माळावरील गवत करपून गेलेले असते, बांधावर चरण्याजोगे काही उरलेले नसते, आणि पाण्याच्या कडेने मात्र हिरव्यागार पानांची व फिकट गुलाबी फुलांची एक दाट रांग डोलत असते. हे झुडूप म्हणजे बेशरम. कोठेही टाका, ते पुन्हा उभे राहते, म्हणून लोकांनी त्यास हे नाव दिले. याच्या अंगी विष आहे, हे बहुतेक शेतकरी बंधूंस ऐकून ठाऊक असते. परंतु ते विष कोणत्या रीतीने कार्य करते, कोणत्या महिन्यांत त्याचा धोका वाढतो आणि जनावर वाचविण्याची वेळ कोणती, याची माहिती सर्वत्र पोहोचलेली नाही. या पाठात त्याच गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

झुडपाची ओळख

बेशरमचे शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया असे आहे. रताळे व गारवेल ज्या कुळात मोडतात, त्याच कुळातील ही वनस्पती होय. मात्र रताळ्याप्रमाणे ती जमिनीवर पसरत नाही. तिचे झुडूप सामान्यतः दोन ते तीन मीटर उंच वाढते आणि बारमाही ओल मिळाल्यास त्याहूनही उंच जाते. पाने हृदयाच्या आकाराची, टोकाशी निमुळती आणि लांब देठाची असतात. फूल नरसाळ्याच्या आकाराचे, फिकट गुलाबी किंवा जांभळट असून आत गळ्याशी रंग गडद असतो. जून झालेले खोड आतून पोकळ असते. पान अथवा कोवळी फांदी मोडली असता पांढरा चीक बाहेर येतो. बिया तपकिरी, रेशमासारख्या केसांनी आच्छादलेल्या असतात.

ही वनस्पती मूळची आपल्याकडील नव्हे. तिचे माहेर उष्ण कटिबंधातील अमेरिका. शोभेसाठी व कुंपणासाठी तिची लागवड अनेक देशांत झाली. ती पाणी साचलेल्या जागीही तग धरते व कोरड्या जागीही जगते. खोडाचा हातभर तुकडा ओल्या मातीवर पडला तरी त्यास मुळ्या फुटतात. त्यामुळे पुराच्या पाण्याबरोबर वाहत गेलेली एक फांदी पुढच्या गावच्या ओढ्यात नवे बेट उभे करते. आज महाराष्ट्रात तलाव, पाझर तलाव, नाले, कालव्याच्या कडा, रस्त्याकडेचे खड्डे आणि सांडपाणी साचणाऱ्या जागा ही तिची ठरलेली वस्तीस्थाने झाली आहेत.

“शेळी त्यास तोंड लावीत नाही” हा समज

बेशरमचे कुंपण लावण्यामागे एक अनुभव आहे. जनावरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. पावसाळ्यात व हिवाळ्यात इतर चारा विपुल असताना हा अनुभव खरा ठरतो. परंतु तो अर्धाच खरा आहे. उन्हाळ्यात दुसरे हिरवे पान दिसेनासे झाले म्हणजे भुकेली शेळी प्रथम नाइलाजाने दोन पाने खाते. तिला त्या वेळी काहीच होत नाही. म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा खाते. पुढे तिला त्याची गोडी लागते आणि पाऊस पडून गवत उगवल्यावरही ती कळप सोडून त्या झुडपाकडे धाव घेते. एक शेळी खाऊ लागली की तिचे पाहून दुसरीही शिकते. ब्राझीलमधील शेळ्यांच्या कळपांवर झालेल्या अभ्यासात ही गोष्ट स्पष्ट दिसून आली आहे.

यावरून एक नियम ध्यानी घ्यावा. विषारी वनस्पतीचा धोका केवळ तिच्यातील विषावर अवलंबून नसतो. त्या वेळी शेजारी दुसरे काय हिरवे आहे, यावरही तो अवलंबून असतो. म्हणूनच वर्षभर हिरवे राहणारे झुडूप टंचाईच्या दिवसांत अधिक घातक ठरते.

हा नियम केवळ आपल्या देशापुरता नाही. युरोप, आशिया व उत्तर अमेरिका या खंडांच्या उत्तर भागांत थंड हवेच्या विस्तीर्ण दलदली आहेत. तेथे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे व वनस्पतींचे जाड थर साचतात. त्यांस पीट म्हणतात. या पीटच्या दलदलीत अँड्रोमेडा पॉलिफोलिया नावाचे ठेंगणे, सदाहरित झुडूप वाढते. त्याची पाने अरुंद व वरून निळसर हिरवी असतात, आणि फुले लहान गुलाबी घंटांसारखी असतात. त्यात ग्रेयानोटॉक्सिन नावाचे विष असते. ते खाल्ल्याने मेंढ्यांसारख्या जनावरांस लाळ सुटते, उलटी होते, हृदयाचे ठोके मंदावतात आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. हिमालयातील ऱ्होडोडेंड्रॉन हे त्याच कुळातील असून त्याच्या अनेक जातींत हेच विष आढळते. बर्फाखाली गवत झाकले गेले म्हणजे मेंढ्या व शेळ्या त्याच्या पानांकडे वळतात. तेथे बर्फ आणि येथे ऊन, एवढाच फरक. भुकेच्या दिवसांत हिरवे राहिलेले पान हे दोन्हीकडे आमिष ठरते. मात्र बेशरमचे विष निराळे आहे आणि त्याची चालही निराळी आहे.

विष कसे कार्य करते

बेशरमच्या पानांत स्वेन्सोनिन नावाचे एक अल्कलॉइड असते. त्याच्या जोडीला कॅलिस्टेजिन गटातील द्रव्येही असतात. स्वेन्सोनिन हे नाव स्वेन्सोना या ऑस्ट्रेलियातील विषारी वनस्पतीवरून पडले. बेशरमच्या अंगात वास करणारी एक सूक्ष्म बुरशी हे अल्कलॉइड तयार करते, असे अलीकडील संशोधनाने दाखविले आहे.

शरीराच्या प्रत्येक पेशीत जुन्या, निकामी झालेल्या पदार्थांचे तुकडे करून त्यांची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था असते. घरातील केर रोज निघावा, तसे हे काम अखंड चाललेले असते. स्वेन्सोनिन त्या कामातील एका आवश्यक विकराचे कार्य थांबविते. त्यामुळे काही प्रकारच्या शर्करा पेशीत साठत जातात. पहिल्या दिवशी साठलेला केर कोणास जाणवत नाही. काही आठवड्यांनी मात्र पेशी फुगतात आणि त्यांचे काम बिघडते. हा परिणाम मज्जापेशींवर विशेष होतो. तोल सांभाळणे, पाऊल नीट टाकणे व मान स्थिर ठेवणे ही मेंदूकडे असलेली कामे हळूहळू ढासळतात.

कण्हेरीचे विष व बेशरमचे विष यांतील भेद येथे लक्षात घ्यावा. कण्हेर हृदयावर आघात करते व जनावर थोड्याच वेळात दगावू शकते. त्यामुळे मालकास कारण लगेच शोधता येते. घाणेरी यकृतास इजा करते. कावीळ होते आणि उन्हामुळे अंगावरची कातडी सोलवटते. बेशरम मात्र आठवड्यांमागून आठवडे गुपचूप काम करीत राहते. शेळी खंगू लागते तेव्हा मालक जंतांचे औषध पाजतो, खुराक वाढवितो, नजर लागली असे म्हणतो. तलावाच्या काठाकडे त्याचे लक्ष जात नाही. या विलंबातच खरे नुकसान होते.

लक्षणे

पुढील चिन्हे सामान्यतः या क्रमाने दिसून येतात :

१. शेळी खाते, तरी वजन घटते. केस राठ व निस्तेज होतात. ती कळपाच्या मागे रेंगाळते व सुस्त दिसते.

२. मागील पायांत जोर राहात नाही. वळताना कंबर एका बाजूस झुकते. उभे राहताना पाय फाकून उभी राहते.

३. डोके व मान थरथरू लागते. गव्हाणीशी तोंड नेताना ही थरथर अधिक दिसते. काहींच्या डोळ्यांची बुबुळे सारखी हलत राहतात.

४. पळविल्यास किंवा दचकल्यास शेळी कोलमडते. पुढे तिला उठणे अशक्य होते आणि अखेर ती दगावते.

गाभण शेळ्यांत गर्भपात होणे, करडे अशक्त जन्मणे, त्यांस उभे राहून आचळ धरता न येणे, असेही प्रकार घडतात. विषाचा अंश दुधातून पिलापर्यंत पोहोचतो. म्हणून आजारी शेळीचे दूध पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय करडास पाजू नये व घरातही वापरू नये.

शेळ्या या विषास विशेष बळी पडतात. मेंढ्या व गुरे यांनाही बाधा होते. सुदान, मोझांबिक व ब्राझील या देशांत या विषबाधेचा पद्धतशीर अभ्यास झाला असून लक्षणांचे चित्र सर्वत्र सारखेच आढळले आहे.

एक महत्त्वाची सूचना. मान थरथरणे, लाळ गळणे व तोल जाणे ही चिन्हे जनावर पिसाळल्यानेही दिसतात. मेंदूत जंताची गाठ झाली असताही शेळी फिरते व पडते. म्हणून अशा जनावराच्या तोंडात हात घालू नये, त्यास औषध पाजण्याचा प्रयत्न करू नये, मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये, आणि निदान पशुवैद्याकडूनच करून घ्यावे. शेळीचे डोके काही वेळ वर धरून सोडले असता ती कोलमडते काय, हे पाहण्याची एक परीक्षा आहे. पण पिसाळण्याचा संशय दूर झाल्यावर ती पशुवैद्यानेच करावयाची आहे.

उपचाराची खरी वेळ

या विषावर उतारा नाही. परंतु यावरून निराश होण्याचे कारण नाही. जनावर लवकर त्या झुडपापासून दूर केले तर पेशींत साठलेला केर पुन्हा निघू लागतो आणि काही आठवड्यांत शेळी बरीचशी सुधारते. उशीर झाल्यास मज्जापेशी कायमच्या नष्ट होतात. मग झुडूप तोडूनही शेळीचा तोल परत येत नाही. अशी शेळी जगली तरी तिची वाढ व वेत यांचा भरवसा राहात नाही.

एखाद्या कुटुंबाकडे सहा शेळ्या आहेत असे समजा. चैत्रात त्यांपैकी एक शेळी मागे राहू लागली. घरच्या माणसाने त्याच आठवड्यात शेळ्या कोठे चरतात हे स्वतः जाऊन पाहिले आणि त्यांची चराई बदलली, तर बहुधा एकाच शेळीस त्रास होऊन ती सावरेल आणि उरलेल्या पाच वाचतील. तेच घर आषाढापर्यंत थांबले, तर सहाही शेळ्यांना त्या पाल्याची चटक लागलेली असेल. ज्या घराची अडचणीची रोकड म्हणजे त्याच्या शेळ्या, त्या घरास हा फरक केवढा मोठा आहे, हे सांगावयास नको.

संशय येताच पुढीलप्रमाणे करावे :

१. सर्व शेळ्या, केवळ आजारी नव्हे, त्या जागेवरून हलवाव्यात.

२. आजारी शेळीस निराळी, सावलीत, सपाट जागेवर बांधावी. विहीर, खड्डा व उतार यांपासून दूर ठेवावी.

३. शुद्ध पाणी व दुसरा चांगला चारा पुरेसा द्यावा.

४. पशुवैद्यास बोलाविताना बेशरमची एक फांदी दाखवावयास ठेवावी व शेळ्या किती दिवसांपासून तेथे चरत आहेत हे सांगावे.

५. ज्या शेळीस एकदा चटक लागली तिला पुन्हा त्या काठावर मोकळी सोडू नये.

चाऱ्याची तरतूद हाच मुख्य उपाय

झुडूप काढणे आवश्यक आहे, परंतु भूक तशीच राहिली तर शेळी दुसरे विषारी पान शोधील. पंचवीस ते तीस किलो वजनाच्या शेळीस दररोज सुमारे तीन ते चार किलो हिरवा चारा व त्याच्या जोडीला सुका चारा लागतो. उन्हाळ्यातील दोन-तीन महिन्यांसाठी याची तजवीज पावसाळ्यातच करावयास हवी. बांधावर शेवरी व हादगा लावावा. थोडे पाणी असल्यास दशरथ घासाच्या चार ओळी पुष्कळ उपयोगी पडतात. बाभळीच्या शेंगा गोळा करून, वाळवून कोरड्या जागी साठवाव्यात. तूर व हरभरा यांचे भूस वाया जाऊ देऊ नये. सुबाभळीचा पाला देता येतो, पण त्यावरच शेळ्या ठेवू नयेत. तो इतर चाऱ्यात मिसळून थोडा द्यावा.

पोट भरलेली शेळी तलावाकाठी पाणी पिते व परत फिरते. म्हणून पाण्यावर नेण्यापूर्वी शेळ्यांना थोडी वैरण घालावी. ही साधी सवय पुष्कळ हानी टाळते.

झुडपाचे निर्मूलन

बेशरम नुसते कोयत्याने छाटले असता बुंध्यापासून अधिक जोमाने फुटते. अशी छाटणी म्हणजे त्यास नवे फुटवे येण्यास मदत करण्यासारखेच होय. निर्मूलनाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिली गोष्ट वेळ. तलावाचे पाणी आटून काठ उघडे पडतात पण माती अजून मऊ असते, तो काळ म्हणजे साधारण फाल्गुन ते वैशाख, उत्तम होय. त्या वेळी कुदळीने बुंधा मुळांसकट उपटता येतो.

दुसरी गोष्ट काढलेल्या फांद्यांची व्यवस्था. त्या काठावर अथवा नाल्यात टाकू नयेत. एकही तुकडा ओल्या मातीवर राहता कामा नये. सर्व माल उंच, खडकाळ जागी नेऊन पातळ पसरावा व पूर्ण कडकडीत वाळू द्यावा. वाळल्याने पानांतील विष जाते असे समजू नये. म्हणून ही जागा शेळ्यांपासून राखावी. पाने खताच्या खड्ड्यात कुजविता येतात. खोडाचे तुकडे मात्र पूर्ण वाळल्याखेरीज खड्ड्यात घालू नयेत, नाहीतर खड्ड्यातच झुडूप उगवते.

तिसरी गोष्ट पुन्हा पाहणी. पहिल्या पावसानंतर एकदा व दिवाळीच्या सुमारास एकदा, अशी दोन वेळा त्याच जागेची फेरी करावी आणि नवे कोंब हाताने उपटावेत. पहिल्या वर्षीच्या श्रमांपेक्षा या दोन फेऱ्यांचे महत्त्व अधिक आहे.

तणनाशक औषधांनी हे झुडूप मारता येते. परंतु जेथे माणसे व जनावरे पाणी पितात, मासे धरले जातात, तेथे स्वतःच्या मनाने फवारणी करू नये. कृषी विभागाच्या तज्ज्ञांस जागा दाखवून मगच निर्णय घ्यावा.

कुंपणासाठी बेशरमच लावावयास हवे असे नाही. निर्गुडी, मेंदी, सागरगोटा व घायपात ही कुंपणे आपल्या लोकांच्या परिचयाची आहेत. जमीन व पाणी पाहून त्यांतून निवड करावी. जुने बेशरमचे कुंपण एकदम काढून शेत उघडे टाकण्यापेक्षा नवे कुंपण रुजल्यावर ते टप्प्याटप्प्याने काढणे व्यवहाराचे ठरेल.

हे काम एका घराचे नव्हे. वरच्या गावाने काठ स्वच्छ केला आणि ओढ्याच्या उगमाशी एक बेट शिल्लक ठेवले, तर एका पावसाळ्यात सारा ओढा पुन्हा भरतो. म्हणून काम उगमाकडून खाली करीत यावे आणि एकाच ओढ्यावरील गावांनी एकाच हंगामात हाती घ्यावे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

हा विषय सभेत मांडताना प्रथम व्याख्यान देऊ नये. बेशरमची एक फांदी सोबत न्यावी आणि पुढील प्रश्न विचारावेत :

१. तुमच्या शेळ्या माघ ते ज्येष्ठ या महिन्यांत कोठे चरतात? त्यांच्याबरोबर कोण जाते?

२. गेल्या दोन वर्षांत कोणाच्या शेळीची मान थरथरत होती काय? कोणाच्या शेळ्यांचे गाभ गेले काय?

३. गावच्या ओढ्यात सर्वांत वरचे बेट कोठे आहे?

४. उन्हाळ्यासाठी कोणाच्या घरी किती चारा शिल्लक आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातील स्त्रिया किंवा मुले देतील, कारण शेळ्यांमागे तेच जातात. म्हणून त्यांच्याशिवाय घेतलेली सभा अपुरी समजावी. कोणती शेळी प्रथम मागे राहिली, हे त्यांनाच सर्वांच्या आधी कळते. तसे दिसताच घरी सांगावयाचे, एवढी एकच गोष्ट त्यांच्या मनावर ठसली तरी या पाठाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.

तलावाकाठच्या त्या हिरव्या रांगेकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलावयास हवी. ओसाड दिवसांतील तो हिरवेपणा डोळ्यांस सुखवितो, हे खरे. पण शेळीच्या भुकेस तो फसवितो. भुकेची तजवीज आधी करावी, झुडूप मुळांसकट काढावे, आणि मागे राहणाऱ्या पहिल्या शेळीची दखल त्याच दिवशी घ्यावी.